बातमी जिथली, घरही तिथलंच!

सोमवार म्हटलं की तुम्हा-आम्हाला काय आठवतं? तुंबलेले मेल, लांबलेली मीटिंग आणि बॉसचा मूड! मला मात्र १५ मे २०१७ चा सोमवार आठवतो.

मेक्सिकोतलं कुलिआकान शहर. दुपारी बाराच्या सुमारास पत्रकार हाविएर वाल्देझ ऑफिसमधून निघाले. जवळच त्यांची गाडी अडवली गेली, त्यांना खाली उतरवलं आणि भर रस्त्यात गोळ्या घातल्या. वय ५०. लॅपटॉप आणि मोबाइलही गायब.

मास कॉमला असताना मला क्राइम बीट जाम ग्लॅमरस वाटायचं. पोलिसांतले सोर्स, रात्री-अपरात्रीचे फोन, पहिल्या पानावर बायलाइन! वाल्देझ यांच्याबद्दल वाचलं आणि माझी सगळी हवाच गेली.

कुलिआकान म्हणजे सिनालोआ कार्टेल या ड्रग्जच्या बड्या टोळीचा बालेकिल्ला. वाल्देझ तिथलेच. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘रिओदोसे’ हे साप्ताहिक सुरू केलं. बाहेरचा रिपोर्टर येतो, स्टोरी करतो आणि विमान पकडतो. लोकल रिपोर्टरचं तसं नसतं. त्याचं घर, ऑफिसची वेळ, मुलांची शाळा सगळ्यांना ठाऊक. ज्यांच्याबद्दल लिहायचं, तेच सिग्नलला शेजारच्या गाडीत असू शकतात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘रिओदोसे’ने कार्टेलमधल्या एका म्होरक्याची बाजू छापली. विरोधी गटाच्या माणसांनी स्टॉलवरचे अंकच विकत घेऊन गायब केले. मार्चमध्ये चिवावा शहरात मिरोस्लावा ब्रीच या पत्रकार महिलेला तिच्या घरासमोरच गोळ्या घातल्या. त्यानंतर एप्रिलमध्ये सिउदाद जुआरेझच्या ‘नोर्ते’ या दैनिकाने छापील अंक बंद करत वाचकांचा निरोप घेतला. वाल्देझ मात्र जाहीरपणे म्हणत राहिले, गप्प बसायचं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांचा नंबर लागला.

गोळी एका पत्रकाराला लागते, पण गप्प अख्खं शहर होतं. गल्लीत काय चाललंय, पोलीस कुणाला सामील आहेत, हे मग सांगणार कोण?

वाल्देझ यांच्या खुनाबद्दल २०२० आणि २०२१ मध्ये दोघांना शिक्षा झाली. ‘रिओदोसे’ त्यांच्यामागेही निघत राहिलं.

मला उशीर झाला की आईचा मेसेज येतो, ‘पोचलीस का?’ पूर्वी वैताग यायचा. आता लगेच रिप्लाय करते. कुलिआकानमध्ये क्राइम बीट करणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईला त्या एका रिप्लायची किती वाट बघावी लागत असेल!