सक्ती नेमकी कुणावर?

भोरजवळच्या आंबवड्यात एखाद्या जोडप्याने ठरवलं, की आपल्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, तर कायदा काय करेल? दंड लावेल? नोटीस येईल?

उत्तरासाठी 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा उघडायचा. त्याच्या नावातच ‘मोफत व सक्तीचे शिक्षण’ आहे, म्हणजे आता आईबापांची खैर नाही असं वाटतं. पण आठवं कलम वाचा आणि थक्क व्हा! तिथे सक्तीचा अर्थ दिलाय तो असा: सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणं, त्याचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईल हे पाहणं, हे सरकारचं बंधन. सक्ती आहे, पण ती सरकारवर!

हे किती मोठं वळण आहे बघा. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात तसाच कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी तो हवाच होता, नाहीतर गुरं राखणारी पोरं पाटीपर्यंत पोचलीच नसती. आणि आजच्या कायद्यात? दहावं कलम सांगतं, की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मात्र ते न पाळल्यास शिक्षा काय, याबद्दल एक अक्षर नाही. महाराष्ट्राचे नियम तर उलट सरकारलाच अंतर मोजायला लावतात: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत.

म्हणजे घरशिक्षणाला परवानगी आहे का? स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. नोंदणीचं कार्यालय नाही, भरायचा अर्ज नाही. जर्मनीत पोराला शाळेत न घालता घरी शिकवणं बेकायदा ठरतं. आपल्याकडे मात्र शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत एखादे गुरुजी दारात येतील, विचारपूस करतील, नाव घाला म्हणून आग्रह धरतील. तो त्यांच्या कामाचा भाग आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नये. मुलीच्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी, तिने केलेले प्रयोग पुढे ठेवावेत. जन्मदाखला आणि आधार पहिल्यापासून जपावेत. मूल आधी शाळेत गेलेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखलाही, कारण पुढे राज्य मंडळाच्या दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरताना तो मागतात.

एक सापळा मात्र खरा आहे. उत्साहाच्या भरात वाडीतली पोरं गोळा करून शाळाच काढली, तर गोष्ट बदलते. मान्यता नसलेल्या शाळेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो आणि ती चालूच ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत. आपल्या घरापुरतं शिकवणं वेगळं आणि शाळा चालवणं वेगळं.

या सगळ्या रचनेला आंबवड्याच्या झुलत्या पुलाची उपमा शोभून दिसते. मधे खांब नाही, सगळा भार दोन काठांवर. अलीकडे जन्मदाखला, पलीकडे चौदाव्या वर्षी उघडणारी परीक्षा. तो पलीकडचा काठ म्हणजे 1989 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिच्या दहावीला बसता येतं, आधीचा शाळेचा दाखला नसेल तर ‘मी एवढं शिकलो आहे’ असं स्वतः लिहून देऊन! पाच विषय, पाच वर्षांची मुदत, परीक्षेच्या नऊ संधी. गणित या वर्षी, विज्ञान पुढच्या वर्षी, असं सुटं सुटं पास होत गेलं तरी चालतं. माध्यम मराठीही घेता येतं आणि विषयांत चित्रकलासुद्धा आहे.

आणि परीक्षेचा कागदच नसेल तर? मुंबईतल्या एका मुलीची शाळा सातवीनंतर सुटली. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीत तिला जागा नव्हती. पण आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदकं होती. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला.

अशी मुलं विरळाच. म्हणून मला सगळ्यात मोठं नवल वाटतं ते चौथ्या कलमाचं. समजा, आंबवड्याची ती मुलगी अकरा वर्षांची झाली आणि म्हणाली, “मला मैत्रिणींबरोबर शाळेत जायचंय.” मग? पहिलीपासून सुरुवात नाही. कायदा तिला वयाला साजेशा वर्गात, म्हणजे थेट सहावीत बसवतो. मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मागण्याचा हक्क देतो. प्रवेशाची मुदत टळून गेली असली तरी शाळेला नाही म्हणता येत नाही. जन्मदाखला हरवला तरी नाही. आणि आठवी पूर्ण होईतो चौदा उलटली, तरी तोवरचं शिक्षण मोफतच.