विश्लेषण : समुद्राचे पाणी २८ अंश, तरीही डायव्हरला हुडहुडी का भरते? स्कूबासाठी कोणता सूट योग्य?

दिवाळीच्या सुट्टीपासून मेपर्यंत मालवण, तारकर्ली, गोवा आणि अंदमानात स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटकांची गर्दी असते. ‘पाणी तर कोमट आहे, मग सूट कशाला?’ हा बोटीवर हमखास ऐकू येणारा प्रश्न. हौसेखातर एकदाच पंधरा-वीस मिनिटे पाण्याखाली जाणाऱ्याच्या बाबतीत तो काही अंशी रास्त आहे. मात्र चार दिवसांचा कोर्स करणाऱ्यांना किंवा दिवसाला तीन डाइव्ह मारणाऱ्यांना हाच समज महागात पडू शकतो. असे का, याविषयी...

कोमट पाण्यात थंडी का वाजते?

शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवेचे तापमान २८ अंश असेल तर आपल्याला उकडते. कारण हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. पाणी मात्र हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय तेवढ्याच आकारमानाचे पाणी एका अंशाने तापवायला हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता लागते. म्हणजे २८ अंशांचे पाणीही शरीराच्या तुलनेत नऊ अंशांनी थंड असते आणि शरीर समुद्राला उष्णता देतच राहते. सिलिंडरमधील हवाही थंड आणि कोरडी असते. ती प्रत्येक श्वासाला गरम आणि दमट करण्यात आणखी उष्णता खर्च होते. हा ऱ्हास मंद असल्याने पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काहीच जाणवत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या डाइव्हला मात्र हुडहुडी भरते, कारण मधल्या तासाभरात शरीर पूर्ण सावरलेले नसते.

थंडी म्हणजे केवळ गैरसोय की धोका?

शरीर थरथरून उष्णता निर्माण करते, तेव्हा ऑक्सिजनची गरज वाढते. श्वासाचा वेग वाढतो आणि सिलिंडर लवकर रिकामा होतो. बोटे बधिर झाली की बकल सोडणे, गेज वाचणे अशी साधी कामेही अवघड होतात. लक्ष विचलित होते, निर्णय चुकतात.

दुसरा मुद्दा नायट्रोजनचा. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर येताना तो रक्तामार्फत फुप्फुसांतून बाहेर पडतो. थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसल्या तर हे काम मंदावते आणि डीकम्प्रेशन आजाराचा धोका वाढतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोलवर उबेत राहून वर येताना थंडीत असणे हा सर्वाधिक जोखमीचा क्रम ठरला. त्या प्रयोगातले ‘थंड’ पाणी सुमारे २७ अंशांचे होते! अर्थात तो प्रयोग सुमारे ३७ मीटर खोलीच्या डाइव्हचा होता. त्याचे निष्कर्ष पर्यटकांच्या उथळ डाइव्हला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही २७ अंशांना थंडीचा प्रश्नच नसतो, हा समज त्यातून खोडला जातो.

वेटसूट काम कसे करतो?

वेटसूटची कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी मांडली. सूट निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फोमचा असतो. त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात आणि खरी ऊब हे बुडबुडेच देतात. आत शिरलेले पाणी ऊब देते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते पाणी आधी शरीरालाच तापवावे लागते. त्यामुळे आत कमीत कमी पाणी शिरणे आणि शिरलेले सतत न बदलणे महत्त्वाचे.

खोलीसोबत मात्र ही ऊब कमी होत जाते. दहा मीटरवर दाब दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होतो. बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो. बोटीवर ३ मिलिमीटरचा असलेला सूट खाली गेल्यावर तेवढा राहत नाही. खोलवर पाणीही अनेकदा अधिक थंड असते. म्हणून केवळ पृष्ठभागाचे तापमान पाहून सूट निवडणे चुकीचे ठरते.

मग किती जाडीचा सूट निवडावा?

पाण्याचे तापमान, पाण्याखालचा वेळ, दिवसातील डाइव्हची संख्या आणि स्वतःचे शरीर या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. ढोबळ हिशेब असा :

• २८ अंशांहून अधिक, एकच छोटी आणि उथळ डाइव्ह : लायक्राचा पूर्ण बाह्यांचा सूट किंवा रॅश गार्ड. यात ऊब जवळपास नसते, फक्त त्वचेचे संरक्षण होते.
• २६ ते २८ अंश, दिवसाला दोन-तीन डाइव्ह : ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट.
• २४ ते २६ अंश किंवा सलग काही दिवस डायव्हिंग : ३ मिलिमीटरचा सूट आणि हूड असलेले जाकीट, अथवा ५ मिलिमीटरचा सूट.

बारीक अंगकाठीच्या व्यक्तींनी आणि लहान मुलांनी यापेक्षा एक पायरी जाड सूट घ्यावा. मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने ती लवकर गारठतात. कोर्समध्ये कौशल्यांचा सराव करताना विद्यार्थी बराच वेळ एका जागी स्थिर असतो. हालचाल कमी म्हणजे उष्णताही कमी. त्यामुळे प्रशिक्षणार्थींनाही हाच नियम लागू होतो.

थंडी नसली तरी अंग का झाकावे?

जेलीफिश, हायड्रॉइड आणि फायर कोरल यांच्या स्पर्शाने त्वचेची आग होते. खडकांवरचे शिंपले आणि बार्नेकल्स यांनी कापते. ‘शॉर्टी’ म्हणजे अर्ध्या बाह्यांच्या सूटमध्ये हात-पाय उघडे राहतात, म्हणून पूर्ण सूट बरा. बोटीवरच्या उन्हाचाही प्रश्न असतो. यूपीएफ ५० दर्जाचे कापड अतिनील किरणांपैकी केवळ दोन टक्के आत येऊ देते. अंग झाकले की सनस्क्रीनही कमी लागते. प्रवाळांना अपाय होण्याच्या भीतीने हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे. मात्र सूट घातला म्हणून प्रवाळाला हात लावण्याची मुभा मिळत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे.

भाड्याचा सूट घेताना काय पाहावे?

जाडीइतकेच महत्त्व मापाला आहे. काखेत, कमरेच्या मागे किंवा मानेपाशी पोकळी असेल तर प्रत्येक हालचालीला थंड पाणी आत-बाहेर होते. अशा ढगळ ५ मिलिमीटरच्या सूटपेक्षा अंगाबरोबर बसणारा ३ मिलिमीटरचा सूट बरा. गळ्याशी मात्र तो आवळता कामा नये. मानेतील रक्तवाहिनीवर दाब आला तर हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते. पूर्ण श्वास घेता येतो ना, हे बोटीवर चढण्यापूर्वीच तपासावे. शिवण उसवलेले, झिजून पातळ झालेले सूट परत करावेत.

सूट बदलला की वजनांचा हिशेबही बदलतो. निओप्रीन तरंगते, त्यामुळे जाड सूटसोबत शिशाची वजने वाढवावी लागतात. तोच सूट खाली गेल्यावर दबतो आणि डायव्हर जड होतो. त्यामुळे जाडी बदलल्यास उथळ पाण्यात वजने तपासूनच पुढे जावे.

दुसऱ्या टोकाचा धोका उन्हाचा आहे. मे महिन्यात जाड सूट घालून बोटीवर बसल्यास उष्माघाताची शक्यता असते. सूट कमरेपर्यंतच चढवावा, सावलीत बसावे, पाणी प्यावे आणि उतरण्याची वेळ झाली की चेन लावावी. दोन डाइव्हच्या मध्ये ओला सूट उतरवून अंग पुसावे व वाऱ्यापासून आडोसा घ्यावा.

पाण्याखाली थरथर सुरू झाली तर काय करावे?

हुडहुडी भरेपर्यंत शरीराने बरीच उष्णता गमावलेली असते. अशा वेळी ‘आणखी पाच मिनिटे’ न थांबता जोडीदाराला खूण करावी आणि ठरलेल्या वेगाने, सेफ्टी स्टॉप पाळून वर यावे. अंग पूर्ण गरम झाल्याशिवाय पुढची डाइव्ह करू नये. डाइव्हचे पैसे भरले आहेत, हे पुन्हा पाण्यात उतरण्याचे कारण होऊ शकत नाही.