घरच्या घरी शिवा अस्तराचं जाकीट

लग्नसराईत कुर्त्यावर घातलेलं जाकीट उठून दिसतं. पण भारी कापडाचं जाकीट मुंढ्यात फुगलं किंवा बटणाशी ताणलं, तर ते कपाटातच पडून राहतं. अस्तर लागल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे सगळी शिलाई उसवणं आलं. म्हणून आधी फिटिंग, मग अस्तर, हे लक्षात ठेवा.

सुती अस्तर कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून इस्त्री करा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटेल. बाजूंना १ इंच माया ठेवा. वरच्या कापडाचे टक्स, खांदे व बाजू कच्च्या टाक्यांनी जोडा. ज्या कुर्त्यावर जाकीट घालायचं, त्यावरच ते घालून पाहा. हात वर करा, खाली बसा. मुंढा फुगत असेल तर टक्स थोडे खोल घ्या. बटणाशी ताण येत असेल तर बाजू सैल करा. हेच बदल अस्तरावरही करा.

आता बाजू उसवा. दोन्ही कापडांचे टक्स व खांदे पक्के शिवून सुलट बाजू समोरासमोर ठेवा. गळा, पुढच्या कडा, मुंढे व खालचा घेर शिवा. वळणांवर बारीक काप द्या. पुढचे भाग खांद्यांतून ओढून पाठीच्या उघड्या बाजूने बाहेर काढा. मग बाजू शिवा. अस्तराच्या एका बाजूला ३ इंच जागा सोडून ती शेवटी हाताने बंद करा.

इस्त्री करताना कडेची शिलाई किंचित आत ढकला, म्हणजे अस्तर बाहेर डोकावणार नाही. मग पाहा, ‘कुठे शिवलं?’ असं मैत्रिणी विचारतीलच!