रुग्णालयाबाहेर जडणारा न्यूमोनिया : कारणे आणि मृत्यू

न्यूमोनियाने माणूस दगावण्याचे प्रमाण किती, हा प्रश्न सरळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. फुप्फुसांतील जे वायुकोश हवेने भरावयाचे, ते या विकारात द्रवाने व पुवाने भरतात आणि रक्ताला प्राणवायू अपुरा पडू लागतो. हे कोणत्या जंतूमुळे आणि कोणाच्या फुप्फुसात घडले, यावर पुढील सारे अवलंबून असते.

१९९६ साली डॉ. मायकेल फाइन व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांतील ३३,१४८ रुग्णांची माहिती एकत्र पारखली. एकूण मृत्युप्रमाण १३.७ टक्के निघाले. अतिदक्षता विभागातील रुग्णांत मात्र ३६.५. जंतूंनुसार पाहता तफावत अधिकच डोळ्यांत भरते. मायकोप्लाझ्माने १.४ टक्के, न्यूमोकोकसने १२.३, स्टॅफिलोकोकस ऑरियसने ३१.८, तर क्लेब्सिएलाने ३५.७ टक्के रुग्ण दगावले.

यांपैकी न्यूमोकोकस हा आपल्या फार जवळचा. १८८१ साली पाश्चर यांनी फ्रान्समध्ये व स्टर्नबर्ग यांनी अमेरिकेत तो स्वतंत्रपणे शोधला. स्टर्नबर्ग यांना तर तो स्वतःच्याच लाळेत सापडला! निरोगी माणसाच्या नाकाघशात तो निमूटपणे राहतो आणि फ्लूसारख्या आजाराने श्वासमार्गाची राखण ढिली पडली, की खाली उतरतो.

तथापि कारण हाती लागतेच असे नाही. शिकागो व नॅशव्हिल येथील रुग्णालयांत दाखल झालेल्या प्रौढांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कसून तपासण्या करूनही केवळ ३८ टक्के रुग्णांत रोगकारक सापडला, आणि त्यांत जीवाणूंपेक्षा विषाणूच अधिक आढळले. म्हणूनच प्रतिजैविकाची पहिली निवड बहुधा अनुमानानेच करावी लागते.

औषधालाही वेळ हवा असतो. ऑस्ट्रियन व गोल्ड यांनी १९६४ साली दाखवून दिले, की न्यूमोकोकस रक्तात भिनल्यावर पहिल्या पाच दिवसांत होणारे मृत्यू पेनिसिलिननेही फारसे टळत नाहीत. म्हणजे उशीर महाग पडतो. गांभीर्य जोखण्यासाठी डॉक्टर पाच गोष्टी पाहतात : बुद्धिभ्रम, रक्तातील वाढलेला युरिया, मिनिटाला तीस वा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब आणि पासष्टी गाठलेले वय. यांतील एकही नसल्यास मृत्यूचा धोका एक टक्क्याहून कमी. चार असल्यास सुमारे चाळीस टक्के.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत, म्हणून पहिल्या खुणेविषयी थोडे अधिक. वृद्धांत ताप वा खोकला नसतानाही एकाएकी असंबद्ध बोलणे हेच न्यूमोनियाचे पहिले लक्षण असू शकते. घरची मंडळी ते वार्धक्याच्या माथी मारतात आणि मोलाचे पहिले दोन दिवस निघून जातात.