पूर्णेचं वकीलपत्र

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरीला अडते. 1958 ला इथं धरणाचं काम सुरू झालं आणि 1968 ला पुरं झालं. भिंत सव्वाचार किलोमीटरच्या आसपास लांब आणि 51 मीटर उंच आहे. एकूण साठा 934 दशलक्ष घनमीटर, त्यातला वापरता येण्याजोगा 810 च्या घरात. बाकीचा मृतसाठा. पायथ्याला साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच आहेत. त्यांच्यातून सुटलेलं पाणी पुढं सिद्धेश्वरच्या जलाशयात पडतं आणि कालवे निघतात ते तिथून. येलदरी म्हणजे कोठार, सिद्धेश्वर म्हणजे वाटपाचं दार. वसमतचा ऊस आणि परभणीच्या घराघरांतले नळ या जोडीवर चालतात.

या धरणाचा परिचय इंजिनियरांच्या आकड्यांवर संपवणं मला अपुरं वाटतं. त्याची दुसरी बाजू एका वकिलाकडे जाते.

शंकरराव चव्हाण 14 जुलै 1920 ला पैठणला, गोदेच्या काठी जन्मले. बी.ए. मद्रास विद्यापीठाचे, एलएल.बी. उस्मानियाचे. वकिली सुरू झाली होती, पण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्धचा लढा पेटला आणि शंकररावांनी ती सोडली. पुढं नांदेडचं नगराध्यक्षपद, मग द्विभाषिक मुंबई राज्यात महसूल खात्याचं उपमंत्रिपद. 1960 ला महाराष्ट्र झाला तेव्हा पाटबंधारे आणि वीज खातं त्यांच्याकडे आलं. येलदरीचा पाया त्याआधीच खणला गेला होता, त्यामुळं धरणाचा जन्म त्यांच्या नावे लिहिणं बरोबर नाही. पण निजामी राजवटीतून मागास राहून आलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला पाणी यावं म्हणून मंत्रिमंडळात भांडणारा माणूस तेच होते. फाइल अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या या मंत्र्याला लोक हेडमास्तर म्हणत. मला त्यात वकिलाची सवय दिसते: कागद पक्का असल्याशिवाय उभं राहायचं नाही.

असाच एक माणूस आयर्लंडमध्ये होऊन गेला. पॅट्रिक मॅकगिलिगन, मूळचे बॅरिस्टर, 1924 ला नव्या स्वतंत्र राज्याचे उद्योग आणि व्यापार मंत्री झाले. शॅनन नदीवर वीज काढायची योजना त्यांनी 1925 च्या कायद्यानं मार्गी लावली. एवढी वीज घेणार कोण, असा आक्षेप होता. 1927 ला वीज मंडळ कायद्यानं स्थापन झालं आणि 1929 ला अर्डनाक्रशाचं वीजकेंद्र सुरू झालं. बांधलं जर्मनीच्या सीमेन्स कंपनीनं. दोन्ही देश साम्राज्यातून नुकते सुटलेले, आणि दोन्हीकडे कायदा शिकलेल्या माणसानं नदी हातात घेतली. कोर्टातला युक्तिवाद सोडून आलेल्यांना हे जमलं, कारण नदीचं काम पैसा आणि सिमेंट यांच्याइतकंच हक्क ठरवण्याचं असतं.

पूर्णेचा हक्क ठरला तो धरण भरू लागल्यावर काही वर्षांनी. गोदावरीच्या पाण्यावर महाराष्ट्र, आंध्र आणि इतर राज्यांचा वाद होता. 1969 ला लवाद नेमला गेला होता. 6 ऑक्टोबर 1975 ला महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात करार झाला. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शंकरराव होते. गोदावरीवर पैठण धरणापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं, असं त्यात लिहिलं गेलं. त्याखाली तेव्हाच्या आंध्रातल्या पोचमपाड धरणापर्यंत नव्या वापरासाठी 60 टीएमसीची मर्यादा आली. लवादाच्या 1980 च्या निवाड्यात हे सगळं सामावलं. म्हणजे सिद्धेश्वरच्या वरच्या अंगाला असलेल्या येलदरीच्या एका थेंबावरही शेजारच्या राज्याचा दावा उरला नाही. शंकररावांच्या कारकिर्दीतलं हे काम मला सगळ्यांत मोठं वाटतं, पैठणला झालेल्या जायकवाडीच्या नाथसागराहूनही. धरण लोकांना दिसतं, म्हणून त्याचं श्रेय मिळतं. करार कपाटात राहतो.

पण या वकीलपत्रातून एक पक्षकार सुटला. जलाशयासाठी ज्यांची घरं-शेतं गेली ती माणसं तेव्हाच्या भूसंपादनाच्या मोबदल्यावर उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा 1976 चा, तोही शंकररावांच्याच काळातला. येलदरी त्याच्या आठ वर्षं आधी पुरी झाली होती. ज्या माणसाला कागदाचं मोल इतकं कळत होतं, त्याच्या राज्यात हा कागद इतक्या उशिरा तयार व्हावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आजचा वाद राज्याराज्यांचा राहिलेला नाही. येलदरीच्या वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झालं, आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी वरचं पाणी तिथंच थांबतं. 1975 चा करार महाराष्ट्राच्या आतल्या वाटणीबद्दल गप्प आहे. त्यासाठी 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. टंचाईत खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या धरणांनी पाणी समन्यायी वाटून घ्यावं, हे त्याचं तत्त्व. त्याच कायद्याच्या आधारानं जायकवाडीसाठी नाशिक-नगरकडून पाणी सोडायला लावलं गेलं. पूर्णेच्या खोऱ्यातही हीच बाजू मांडायला अभ्यासू माणूस हवा. तोवर पावसाळ्यानंतरचा साठा बघायचा, पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीच्या किती पाळ्या बसतात याचा हिशेब कालवा सल्लागार समितीनं करायचा, असं दरवर्षी चालतं.