जुन्या चित्रपटांचा स्वामित्वहक्क : एक कालनिर्णय

जुना चित्रपट हें बखरीइतकेंच इतिहासाचें साधन होय. त्याची प्रत काढावयाची किंवा तो लोकांस दाखवावयाचा म्हटलें कीं, त्याचा कॉपीराइट ऊर्फ स्वामित्वहक्क संपला आहे किंवा नाहीं हा प्रश्न प्रथम उभा राहतो. ‘चित्रपट जुना, तेव्हां तो मोकळाच’ असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. आमच्या मतें येथेंहि कालनिर्णय पुराव्यावरच केला पाहिजे.

१९५७ च्या कायद्यानें ही मुदत चित्रपट प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून ५० वर्षें ठरविली. रवीन्द्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपावयाचा, तोंच त्या डिसेंबरांत वटहुकूम निघून मुदत ६० वर्षें झाली व चित्रपटांसहि ती लागू झाली. मात्र जो हक्क आधींच लोपला होता तो पुन्हां जिवंत झाला नाहीं. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्याचा हक्क १९८६ च्या अखेरीस संपला. ‘शेजारी’ १९४१ चा. त्यास वाढीव मुदतीचा लाभ होऊन तो २००१ च्या अखेरीस मोकळा झाला. पांच वर्षांच्या अंतरानें पंधरा वर्षांचा फरक पडला!

यास्तव प्रसिद्धीचें साल अचूक पाहिजे. सेन्सॉरचा दाखला प्रदर्शनापूर्वींचा असतो. दाखला डिसेंबरांतील व पहिला खेळ जानेवारींतील असल्यास गणना वर्षभर पुढें जाते. म्हणून तत्कालीन वर्तमानपत्रांतील जाहिराती ताडून पाहाव्या.

चित्रपट मोकळा झाला म्हणजे त्यांतील सर्वच मोकळें झालें, असेंहि नव्हे. ‘संत तुकारामां’तील बीजाच्या दृष्टान्ताचें पद पुष्कळांस तुकोबांचा अभंगच वाटतें, वस्तुतः तें शांताराम आठवले यांचें आहे. तुकोबांच्या वाणीवर कोणाचा हक्क चालत नाहीं. परंतु आठवले १९७५ सालीं वारले, सबब कवीच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांच्या नियमानें त्या पदावरील हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत टिकतो. पद स्वतंत्रपणें छापणारानें हें ध्यानांत ठेवावें.

तथापि केवळ संशयानें स्वस्थ बसणेंहि बरें नव्हे. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’वर आज कोणाचा हक्क उरलेला नाहीं; पण त्याची संपूर्ण प्रतहि उरलेली नाहीं. नायट्रेटची फीत मुदत संपण्याची वाट पाहत नाहीं. ज्याच्याजवळ जुनी प्रत असेल त्यानें तारखांचा निकाल आजच लावावा, अशी आमची विनंती आहे.