दाखला आणि दावण

गळीत हंगाम तोंडावर आला, की बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तेलगावाच्या परिसरात निघण्याची लगबग सुरू होते. लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखान्याची चिमणी गावातच असली, तरी या मुलखातील असंख्य ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन, संसार गाडीत भरून, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांची वाट धरतात, आणि त्यांच्यासमवेत त्यांचे बैलही जिल्ह्यांच्या व राज्यांच्या सीमा ओलांडतात. माणसांबरोबर जनावरे जातात आणि जनावरांबरोबर त्यांचे रोगही जातात, या साध्या वस्तुस्थितीचा विचार 2022 सालाने सर्वांनाच करावयास लावला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि सप्टेंबरात शासनाने सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करून गुरांचे बाजार बंद केले. 1929 साली आफ्रिकेतील झांबियात प्रथम नोंदला गेलेला आणि 2019 साली ओडिशातून भारतात उघडकीस आलेला हा रोग देवीच्या कुळातील विषाणूमुळे होतो. डास, चावणाऱ्या माश्या व गोचीड त्याचे वाहक होत. माणसाला त्याची बाधा होत नाही. परंतु ज्याचे पोट बैलाच्या खांद्यावर अवलंबून आहे, त्याला या भेदाने फारसा दिलासा मिळत नाही.

जनावरांच्या दवाखान्याच्या आवारातील लोखंडी खोड्यापाशी उभे राहून लसीकरणाचे काम पाहिले, म्हणजे त्यातील शिस्त ध्यानात येते. लाल कंधारी बैल आत घेतला जातो, परिचर शिंगे आवळून धरतो आणि पशुधन पर्यवेक्षक कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक मोठ्याने वाचून नोंदवहीत उतरवून घेतो. त्यानंतर तापमान पाहिले जाते, कारण ताप असलेल्या किंवा अंगावर गाठी उठलेल्या जनावरास लस टोचावयाची नसते. शीतपेटीत 2 ते 8 अंशांत राखलेली कोरडी लस द्रावणात कालवली, की ती थोड्या तासांतच संपवावी लागते; आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून, ती त्वचेखाली टोचल्यावर, पुढच्या बैलासाठी नवी सुई घेतली जाते. घाईपोटी तीच सुई वापरली, तर माशीचे काम माणूसच करील! प्रतिकारशक्ती यावयास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मिळवलेला लसीकरणाचा दाखला कागद म्हणून कितीही खरा असला, तरी बैलाच्या रक्षणास उपयोगी पडत नाही.

रोगाचा संशय आला, तर नमुना घेण्याचे काम याहून नाजूक असते. लहान गाठ डोळ्यांना दिसण्यापूर्वी हाताला लागते. तिच्यावरचे केस किंचित उभे राहिलेले असतात आणि केसांच्या उलट दिशेने तळवा फिरवणाऱ्या धन्याला ती प्रथम कळते. मानेच्या शिरेतून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त, नाकातील स्राव आणि गाठीवरची खपली असे नमुने बर्फात बांधून पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे, व गरज पडल्यास भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे रवाना होतात. तेथे पीसीआर चाचणीने विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अत्यल्प अंशही बहुगुणित करून ओळखता येतो. रक्तात मात्र विषाणू अल्पकाळच राहतो, उलट खपलीत तो आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यामुळे उशिरा घेतलेले रक्त निर्दोष ठरले, एवढ्यावरून जनावर निर्दोष ठरत नाही. चाचणीचे सारे सामर्थ्य अशा रीतीने एका प्रश्नापाशी येऊन थांबते: धन्याने गाठ कधी सांगितली?

आणि येथेच खरी अडचण आहे. अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने ग्रामपंचायतीस वर्दी द्यावी, असे पशुरोगांविषयीचा 2009 चा केंद्रीय अधिनियम सांगतो. पण बैल बांधून ठेवला, तर फड बुडतो, फड बुडाला तरी उचल फिटत नाही, आणि पुढच्या हंगामापर्यंत ते ओझे कुटुंबाच्या डोक्यावर राहते. शासनाने 2022 साली रोगाने दगावलेल्या ओढकामाच्या बैलामागे 25,000 व दुधाळ गाईमागे 30,000 रुपयांचे साहाय्य ठरवले, ही तजवीज निःसंशय स्तुत्य होय. परंतु ते मृत्यूनंतरचे साहाय्य आहे. जो बैल मरत नाही, केवळ महिनाभर उभा राहतो, त्याच्या धन्याच्या बुडालेल्या मजुरीची दखल या तजविजीत नाही, आणि रोग फैलावतो तो बहुधा अशाच जित्या, चालत्या, लपवलेल्या जनावरापासून.

बुळकांडीसारख्या भयंकर रोगाचे 2011 साली जगातून समूळ उच्चाटन झाले. त्या यशात लसीइतकाच वाटा गावोगाव फिरून गुरे तपासणाऱ्यांचा आणि लक्षण दिसताच निर्भयपणे सांगणाऱ्या पशुपालकांचा होता. लम्पीच्या बाबतीतही लस आहे, प्रयोगशाळा आहे, कायदा आहे. आजारी बैल दावणीला ठेवणाऱ्या ऊसतोड मजुराच्या तेवढ्या दिवसांच्या मजुरीचा जिम्मा ज्या दिवशी मुकादम, कारखाने आणि शासन मिळून उचलतील, त्या दिवशी गाठ हाताला लागताच दवाखान्यात कळेल. आणि तोवर खोड्यापाशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाकडून, त्याला दाखवलेच गेले नाही त्या जनावराचा रोग रोखण्याची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.